विसंगत भाग

स्टेनोबाई आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आल्या त्या वर्तमानपत्रं चाळायला. कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखन करून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. यजमान त्यांच्या आधी दोन वर्षं निवृत्त झालेले, आणि दिवसभर एकाच घरात राहायची सवय दोघांनाही नव्हती. "हे समोर बसलेले दिसले की मला रजेवर असल्यासारखं वाटतं," त्या म्हणायच्या, "आणि रजा मला कधी मानवलीच नाही." त्यांचं खरं नाव नोंदवहीत होतं, पण कोर्टातलं नावच त्यांना आवडायचं, म्हणून आम्हीही तेच घेतलं.

मी तिथली ग्रंथपाल. त्या सुमारास आमच्या वरच्या मजल्यावर एक काम सुरू झालं होतं. दर मंगळवारी काही माणसं वाचन-खोलीत एकत्र बसत. त्यातली बरीचशी कधी ना कधी मनोरुग्णालयात राहून आलेली, काही घरातच आजार काढलेली. त्यांनी एक दिवस मला सांगितलं, "आमच्या प्रत्येकाची फाईल आहे. डॉक्टरांनी लिहिलंय, नर्सने लिहिलंय, कारकुनाने लिहिलंय. आम्ही बोललेली एक ओळ त्यात नाही. आम्हाला आमचं लिहून ठेवायचंय. खोली द्या, कपाट द्या, कागद द्या. बाकीचं आमचं आम्ही बघू."

खोली मिळाली, जुन्या मासिकांची. पाटी लागली, 'अनुभव दफ्तर'. पहिल्या आठवड्यात दोन आया मुलांना घेऊन वर आल्या, इथे शाळेची दफ्तरं स्वस्तात मिळतात का म्हणून. पाटी बदलायचं ठरलं, पण बदलली कुणीच नाही.

नियम त्यांनीच केले. जे सांगितलं तेच आणि तसंच लिहायचं. कपाटात ठेवण्याआधी सांगणाऱ्याला सगळं वाचून दाखवायचं. सांगताना आवाज ध्वनिमुद्रित करायचा, पण सांगणाऱ्याने सही केली की ती नोंद पुसून टाकायची, कारण आपला आवाज कुठेतरी पडून राहील याची पुष्कळांना धास्ती होती. आणि सांगणाऱ्याला कधीही, कारण न देता, आपलं परत घेता येईल. एक जण विचारणार, एक लिहिणार. विचारणारा त्यातून गेलेला असावा. लिहिणारा कुणीही चालेल, फक्त हात चालला पाहिजे.

स्टेनोबाईंचा हात असा चालायचा की बघत राहावं.

त्यांच्या वाट्याला विचारणारी आली ती काजताई. काजताई तरुणपणी नऊ वर्षं रुग्णालयात होत्या. तिथल्या शिवणखोलीत बाकीच्या बायका कपडे शिवायच्या आणि या फक्त काजं करायच्या, इतकी नेटकी की नर्स स्वतःच्या घरचे सदरे आणून द्यायच्या. तिथेच पडलेलं नाव. बाहेर आल्यावरही दोन-तीन शिंपी त्यांच्याकडेच काजं करायला पाठवत, त्यावर त्यांचं एकटीचं घर चाले. विचारायला बसल्या तरी त्या फारसं विचारत नसत. पिशवीतून कापड काढायचं, सुईत दोरा ओवायचा आणि "हं, सांगा" म्हणायचं. समोरच्याकडे टक लावून बघत नसत म्हणून असेल, माणसं त्यांच्यापुढे मोकळी होत.

पहिला मसुदा स्टेनोबाईंनी आणला तो असा सुरू झाला होता : 'मी असे कथन करते की, सदर दिवशी मी घरी एकटीच होते.'

काजताईंनी तो ऐकला आणि सुई खाली ठेवून हसल्या. "अहो, हे ऐकून मी तर घाबरलेच. या बाईने काय कुणाचा खून केलाय?"

"मग कसं लिहू?"

"ती म्हणाली तसं. ती म्हणाली, 'घरी कुणी नव्हतं, म्हणजे होते सगळे, पण नव्हतं कुणी.' ते लिहा की."

"त्याला अर्थ नाही लागत."

"मला लागला," काजताई म्हणाल्या.

स्टेनोबाई शिकल्या. साठीच्या बाईने एकतीस वर्षांची सवय मोडणं सोपं नसतं, पण त्यांनी ती मोडली, किंवा आम्हाला तरी तसं वाटलं. दीड वर्षात दोघींनी मिळून चौदा जणांचं लिहून काढलं. एक पोस्टमन आला होता. टपालावर शिक्का मारताना त्याला दोन वर्षं स्वतःचं नाव ऐकू येत होतं. सांगता सांगता तो रडायला लागला आणि स्टेनोबाईंचं पेन थांबलं. काजताई कापडावरून नजर न उचलता म्हणाल्या, "थांबू नकोस, लिही. त्यांना चालतंय. हो ना हो?" पोस्टमनने मान हलवली. 'थांबू नकोस' हे त्या दिवशी पहिल्यांदा आलं. दोघींच्या वयात दोन महिन्यांचं अंतर होतं. त्यानंतर त्या एकमेकींना अगं-तुगंच करू लागल्या. मंगळवारी काम संपलं की दोघी कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेत आणि वाद घालत, चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर नव्हे, तर साखर कुणी कमी करायला हवी यावर.

एकदा जिना उतरताना काजताईंनी विचारलं, "तुझ्या घरात कुणाला असं काही झालं होतं का गं? तू ऐकतेस तेव्हा वाटतं."

"नाही गं," स्टेनोबाई म्हणाल्या.

हे बोलणं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खूप नंतर त्यांनीच सांगितलं.

मग काजताईंनी स्वतःचं सांगायचं ठरवलं. नियमाप्रमाणे विचारायला तिसरं कुणी बसायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "मला दुसरं कुणी नको. मी बोलेन, ती लिहील. तिला विचारायचं कळतं आता." मी हो म्हटलं. दोघींची मैत्री बघून मला कौतुकच वाटत होतं. आज वाटतं, नियम केला होता तो याच्यासाठीच तर होता. खोलीत तिसरं माणूस असतं तर कुणीतरी ऐकलं असतं.

सात मंगळवार काजताई बोलल्या. रुग्णालयात नेलं त्या दिवसाबद्दल त्यांनी तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा वेगळं. पहिल्यांदा म्हणाल्या, दादाने फसवून नेलं. मामीला दाखवायचंय, सोबत चल म्हणाला, आणि बाकावर बसवून निघून गेला. पुढच्या खेपेला म्हणाल्या, मी माझ्या पायांनी गेले. घरात भावाचं तान्हं मूल होतं, मला माझ्याच हातांची भीती वाटत होती, म्हणून पिशवी भरली आणि निघाले. आणि शेवटच्या मंगळवारी म्हणाल्या, थोरल्या बहिणीने सही केली. खिडकीपाशी उभी होती. तिचं पेन चालेना, म्हणून तिने कारकुनाचं मागून घेतलं आणि सावकाश, शाळेत शुद्धलेखन काढतात तशी, सुंदर अक्षरात सही केली. "हात जरा तरी कापायला हवा होता," काजताई म्हणाल्या, "मी बघत होते. कापला नाही."

स्टेनोबाईंनी विचारलं होतं, "यातलं खरं कोणतं?"

"तिन्ही."

"एकाच दिवशी तिन्ही कसं होईल?"

"ते मला माहीत नाही. पण मला त्यातलं एक निवडायचं नाही. तू लिही."

हा संवाद स्टेनोबाईंनी मला नंतर त्यांच्या लघुलेखनाच्या वहीतून वाचून दाखवला. त्या खुणा आमच्यात दुसऱ्या कुणालाच वाचता येत नव्हत्या.

त्याच महिन्यात दफ्तर लोकांसाठी खुलं करायचं ठरलं होतं. ज्यांची हरकत नव्हती त्यांची कथनं बांधून मांडायची आणि एक-दोन वाचून दाखवायची. तारीख मीच ठरवली आणि घाईही मीच लावली. काजताईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, सुईत दोराही आता शेजारीण ओवून द्यायची. स्टेनोबाई लिहिलेली प्रत घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "बस, सगळं वाचून दाखवते."

काजताई काजं घेऊन बसल्या होत्या, संध्याकाळपर्यंत वीस सदरे द्यायचे होते. त्या म्हणाल्या, "तू लिहिलंयस ना? मग बरोबरच असणार. कुठे सही करू, बोट ठेव."

स्टेनोबाईंनी बोट ठेवलं. काजताईंनी सही केली. ती प्रत माझ्याकडे आली, मी खालची सही बघितली आणि त्याच दुपारी आवाजाची नोंद पुसली. नियमच होता तो. वाचून दाखवलंत का, एवढं विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

कार्यक्रमाला तीस-पस्तीस माणसं होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मुलांच्या विभागातली बुटकी बाकं वर आणली होती. काजताई पहिल्या रांगेत बसल्या, नवी साडी नेसून, हात मांडीवर. शिवण आणलं नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना कळत नसावं. स्टेनोबाई उठल्या, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. छान वाचत होत्या. बालपण झालं, शाळा सुटली, आजार सुरू झाला. मग रुग्णालयात नेलं तो दिवस आला. दादा, मामी, बाक. आणि लगेच पुढचं पान, आत गेल्यावरची पहिली सकाळ.

काजताईंनी मान थोडी वर केली. मला वाटलं, त्यांना ऐकू येत नसेल.

कथन संपलं. शेवटी, कोर्टात प्रतीखाली टीप लिहितात तशी, एक ओळ होती. तीही स्टेनोबाईंनी सवयीने वाचून टाकली : 'कथनातील काही विसंगत भाग वगळला आहे.'

लोक टाळ्या वाजवायला लागले होते. काजताई उभ्या राहिल्या, तशा टाळ्या विरल्या.

"हा शब्द कुठून आणला?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"कोणता?" स्टेनोबाई म्हणाल्या.

"विसंगत. माझ्या फाईलमध्ये आहे तो. 'रुग्ण विसंगत बोलते.' दर सहा महिन्यांनी डॉक्टर यायचे, विचारायचे, इथे कशी आलीस? मी जे आठवायचं ते सांगायचे. ते मागचं पान उलटून बघायचे आणि तोच शब्द लिहायचे. नऊ वर्षं. मी तुम्हाला सांगितलं होतं हे."

सांगितलं होतं. चौथ्या मंगळवारी. तो भाग प्रतीत होता, अगदी जसाच्या तसा.

"चुकलं माझं," स्टेनोबाई म्हणाल्या. "लोकांना पटावं म्हणून केलं. तीन तीन गोष्टी वाचल्या असत्या तर म्हणाले असते की..."

"काय म्हणाले असते?"

स्टेनोबाईंनी चष्मा काढला.

"माझं मला परत द्या," काजताई माझ्याकडे वळून म्हणाल्या. मी बांधलेली प्रत त्यांच्या हातात दिली. ती पिशवीत घालून, बाकांमधून वाट काढत, त्या जिना उतरून गेल्या. त्यांना पायऱ्या नीट दिसत नव्हत्या, कठडा धरून एकेक पाऊल टाकत होत्या. आमच्यापैकी कुणीच त्यांना हात द्यायला गेलं नाही. लाज वाटत होती म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेनोबाई माझ्यासमोर येऊन बसल्या आणि त्यांनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. धाकटी बावीस वर्षांची होती. परीक्षेनंतर तिची झोप गेली, मग जेवण गेलं, मग ती भिंतीशी बोलायला लागली. वडील आजारी, आईला लिहिता येत नव्हतं. कमावती होती ती थोरली. रुग्णालयात सही तिनेच केली. धाकटी चार महिन्यांनी परत आली, पुढे लग्न झालं, मुलं झाली, दूरच्या गावी राहते. पस्तीस वर्षांत दोघी बहिणी त्या चार महिन्यांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. फोनवर गुडघे, मुलं आणि हवापाणी, एवढंच.

"माझाही हात कापला नव्हता," स्टेनोबाई म्हणाल्या. "त्या वेळी मी लघुलेखनाची परीक्षा देत होते, हात स्थिर ठेवायची सवय होती. काजताईचं ऐकलं आणि मला वाटलं, हे तिला कसं ठाऊक? घरी जाऊन लिहायला बसले तर ते पान पुढे जाईना. मग मनाला समजावलं की तीन जबान्या झाल्या की साक्ष टिकत नाही. तिन्हींतली एक ठेवू. आणि ठेवली कोणती, तर जिच्यात बहीण नाही ती."

"आणि त्यांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"हो. चौदा माणसांनी माझ्यासमोर बसून स्वतःचं सगळं सांगितलं. तिने सांगितलं. मला एक ओळ सांगता आली नाही."

त्यांनी चार दिवस बसून वहीतलं सगळं उतरवून काढलं. तिन्ही दिवस, मधले 'म्हणजे म्हणजे', मधली खोकल्याची उबळ, सगळं. टाइप नाही केलं, हातानेच लिहिलं. स्वतः न्यायचा धीर होईना, म्हणून मी घेऊन गेले. तोवर काजताईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हिरवी पट्टी लावून बसल्या होत्या. मी वाचत गेले, त्या ऐकत गेल्या. थोरल्या बहिणीचं आलं तेव्हा मध्येच म्हणाल्या, "हो. पेन चालत नव्हतं." धाकटीबद्दल मी सांगितलं नाही. ते सांगणं माझं नव्हतं.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद मागून घेतले, उघड्या डोळ्याजवळ धरले. "अक्षर सुंदर आहे तिचं," त्या म्हणाल्या.

ते कौतुक होतं की आणखी काही, मला कळलं नाही. विचारलंही नाही. स्टेनोबाईंना मी तो निरोप कधी दिला नाही.

"हे दफ्तरात ठेवू का?" मी विचारलं.

"नको. असू दे माझ्यापाशी."

काजताई मंगळवारी येत राहिल्या. त्यांनी काम सोडलं नाही, फक्त लिहायला दुसरी मुलगी घेतली. आता गुरुवारीही खोली उघडी असे, तो वार स्टेनोबाईंनी धरला. अधूनमधून, कुणाचा वार बदलला की, दोघींची जिन्यात गाठ पडायची. काजताई बाजूला होऊन वाट द्यायच्या आणि म्हणायच्या, "बऱ्या आहात ना?" स्टेनोबाई म्हणायच्या, "बरी आहे. तुम्ही?" त्या अहो-जाहोपेक्षा काजताईंनी चारचौघांत चार शिव्या घातल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही. चांगल्या वागायच्या.

एका गुरुवारी स्टेनोबाईंनी वाचनालयातल्या फोनवरून धाकटीला फोन लावला. घरून लावायचा नव्हता, यजमान ऐकतील म्हणून. मी उठून जायला लागले तर म्हणाल्या, "बसा. कुणीतरी असू दे." इकडच्या तिकडच्या दोन गोष्टी झाल्या. मग त्या म्हणाल्या, "अगं, तुला नेलं होतं ना, त्याबद्दल मला विचारायचं होतं. तुला काय आठवतं?"

धाकटी बराच वेळ बोलत होती असं मला वाटलं. प्रत्यक्षात दोन मिनिटंही झाली नसतील. स्टेनोबाईंनी फोन ठेवला आणि पदराने चष्मा पुसत बसल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, 'ताई, तू फार उशिरा विचारतेस. मी ते सगळं एकदा सांगितलंय. माझ्या मोठ्या मुलीला, ती नर्सिंगला गेली तेव्हा. आता पुन्हा उकरून काढायचं नाही.' मी म्हटलं, बरं. मग म्हणाली, 'तू सही केलीस त्याचा मला राग नव्हता. बाहेर आल्यावर तू कधी माझ्याशेजारी बसून विचारलं नाहीस, त्याचा होता.' होता म्हणाली. आहे, असं नाही म्हणाली." त्यांनी चष्मा लावला. "तेवढंच धरून बसायचं आता."

गेल्या वर्षी काजताई भाच्याकडे राहायला गेल्या, दुसऱ्या गावी. जायच्या आदल्या मंगळवारी त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला. मी म्हटलं, गुरुवारी या, स्टेनोबाई असतील. "गुरुवारी सामान जायचंय," त्या म्हणाल्या. खरंच जायचं होतं, मी चौकशी केली. त्यांचं कथन आमच्याकडे नाही. यादीत पंधराव्या क्रमांकापुढे फक्त 'सांगणारीने परत घेतले' एवढंच आहे. लोक विचारतात, हे काय होतं? आम्ही म्हणतो, सांगता येणार नाही.

नवे लिहिणारे आले की पहिल्या दिवशी त्यांना शिकवायचं काम आता स्टेनोबाईंचं. कागद कसा आखायचा, कुणी गप्प झालं तर 'गप्प' असं लिहून जागा सोडायची, आपल्याला अर्थ लागला नाही तरी हात लावायचा नाही, आणि समोरच्याने कितीही विश्वासाने नको म्हटलं तरी वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. मग त्या स्वतः काय केलं तेही सांगतात, बहिणीसकट. काजताईंचं नाव तेवढं घेत नाहीत.

मागच्या महिन्यात एका मुलीने विचारलं, "मग त्यांनी माफ केलं का तुम्हाला?"

"मी विचारलंच नाही," स्टेनोबाई म्हणाल्या. "विचारलं असतं तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. नऊ वर्षं लोक त्यांना प्रश्न विचारून पाहिजे ते उत्तर काढत होते. मी अजून एक कशाला विचारू?"

स्टेनोबाईंनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि समास किती सोडायचा ते पट्टीने दाखवू लागल्या.